गेनसईची राई

चपला इथंच काढा, मंडळी. इथून पुढं आमच्या कासरवणे गावची राई लागते. हे ऐन, हे किंजळ, आणि तो समोरचा बेहडा तर तिघांच्या कवेत मावत नाही. राईच्या पोटातून झरा निघतो, त्यावर सगळं गाव जगतं. आणि ही उभी शिळा म्हणजे गेनसई. हिला शेंदूर नाही, मुखवटा नाही. ह्या नावाची देवी दुसऱ्या गावात सापडायची नाही, कारण हे नाव आपल्या भाषेतलं नव्हेच. इंग्रजी आहे. हसू नका, ऐका.

चार-पाच पिढ्या झाल्या. त्या वेळी इथली पूजा आवडी गुरवीण करायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. असं सांगतात की एका फाल्गुनात एक गोरा साहेब जहाजांसाठी लाकूड शोधत आला. गावचे खोत अंतोबा त्याला घेऊन इथं आले. राई साहेबाच्या नजरेत भरली. पण त्याची अट होती, चाळीसही घरांचा अंगठा कागदावर हवा. खोतांनी दोन दिवसांत एकोणचाळीस अंगठे उठवले, स्वतःचा पहिला. कुणी भीतीनं दिला, कुणी भिडेनं.

राहिली आवडी. सगळे मिळून तिच्याकडे आले तेव्हा ती ह्या शिळेला धूप दाखवत होती.

"आवडे, अंगठा दे," खोत म्हणाले.

"राई गेली की झरा जाईल. नाही देत."

"सगळं गाव हो म्हणतंय. तुझ्या एकटीच्या नाहीनं काय होतंय?"

"माझ्या एकटीचा हो लागतो ना तुम्हाला? मग नाहीसुद्धा लागेल."

साहेबानं कारकुनाकरवी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती नाहीच म्हणाली. तेव्हा खोतांचा तोल गेला. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि शाईची दौत मागवली. आवडीनं हिसडा देऊन हात सोडवला आणि अंगठा समोरच्या धुपाटण्यात, रसरसत्या निखाऱ्यावर दाबून धरला.

ती ओरडली नाही, असं गावात सांगतात. माझे आजोबा म्हणायचे, ओरडली. चांगली मोठ्यानं ओरडली, पण हात काढला नाही.

मग तो हात तिनं खोतांपुढं धरला. "घ्या आता अंगठा."

साहेबानं स्वतः लेखणी घेतली आणि चाळिसाव्या जागेवर एक शब्द लिहिला. कारकुनानं तो वाचला, 'गेनसे'. इंग्रजी शिकलेला माणूस, पण हा शब्द त्यालाही ठाऊक नव्हता. त्यानं अर्थ विचारला. आमची शाळेतली पोरं सांगतात, गेन म्हणजे मिळकत. तो गेन वेगळा. साहेबानं सांगितलं, हा फार जुना आहे, त्याचा अर्थ 'उलट'. आणि से म्हणजे बोलणं. तोंडावर उलट बोलणं. त्यांच्या मुलखातही हा शब्द आता धर्मग्रंथात नि म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरलाय, असं साहेब म्हणाला म्हणे.

गर्दीतून भिवा घाडी पुढं आला. "साहेब, माझा अंगठा पुसा."

"उठलेला अंगठा पुसता येत नाही," कारकून म्हणाला.

"मग त्या बाईच्या नावापुढं लिहिलंय ते माझ्यापुढंपण लिहा."

त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. दिवस मावळेपर्यंत खोतांचं एक घर सोडलं तर साऱ्या नावांपुढं तोच शब्द लिहिला गेला. साहेबानं कागदाची घडी केली, बरोबर आणलेले लाकूडतोडे माघारी घेतले आणि घाट उतरून गेला. आवडीचा हात बरा झाला, पण अंगठा कामातून गेला. पुढची अकरा वर्षं तिनं डाव्या हातानं पूजा केली. लोक तिला गेनसे म्हणू लागले आणि ती गेल्यावर ह्या शिळेला गेनसई. उलट बोलणाऱ्या बाईला जगात शिव्या पडतात. आमच्याकडे तिला नारळ फुटतो.

आजही गावकीत काही ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, तरी काम सुरू होत नाही. गावकार उभा राहून तीनदा विचारतो, "गेनसई कुणाची?" तिसऱ्या हाकेनंतरही पान खाऊन होईपर्यंत सगळे थांबतात. त्या वेळात कुणीही उलट बोलायला उठावं, आणि उठलेल्याला खाली बस म्हणायचं नाही.

गेल्या साली राईच्या वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, चिरेखाण काढायचं ठरलं होतं. पुढाकार सुताराच्या दाजींचा. दोन हाका झाल्या. तिसरीला बायकांमधून त्यांचीच सून उठली, लग्नाला बारा दिवस झालेले, हातातला चुडा अजून नवा. म्हणाली, "माझी."

दाजींनी मान खाली घातली. कुणाला वाटलं आता उठून जातील. ते गेले नाहीत. थोडे बाजूला सरकले आणि सुनेला पुढं येऊन बोलायला जागा करून दिली.