पाळकीणबाईचं दुसरं ताट

फार वर्षांपूर्वी, खैरदऱ्याला अजून सडक नव्हती आणि देवळाची घंटा चिंचेच्या फांदीला टांगलेली असायची, तेव्हाची ही गोष्ट. देऊळ म्हणजे येशूचं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्याला देऊळच म्हणतात. तिथं शांतवनराव नावाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले. त्यांच्यामागून बैलगाडीत भांड्यांच्या पेटीवर बसून त्यांची बायको सुगंधाबाई आली. तिचं नाव लोक लवकरच विसरले. ती जन्मभर पाळकीणबाईच राहिली.

शांतवनरावांकडं आसपासच्या सगळ्या वाड्यांची मंडळीही होती. सोमवारी तट्टावर बसून निघायचे ते शनिवारी धुळीनं माखून परत यायचे. मुलं मोठी झाली तशी शिकायला शहरातल्या बोर्डिंगात गेली, आणि एक लेकरू देवळामागच्या मातीत गेलं. पाळकीणबाई लांबच्या मुलांसाठी सदरे शिवायची, नवऱ्यासाठी दशम्या बांधून द्यायची, देवळामागं जाऊन थोडा वेळ बसायची. घराच्या दाराला मात्र तिनं कधी कडी लावली नाही.

कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, कुणाची सून रुसून माहेरी निघाली, की पावलं पाळकघराकडंच वळायची. माणूस दारात दिसलं की ती आधी विचारायची, "जेवलास का?" मग त्याचं सगळं ऐकून घ्यायची. ऐकलेलं तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. असं म्हणतात, तिला सांगितलेलं दुःख हलकं होऊन घरी जायचं. आता ते उतरवलेलं ओझं कुणाच्या डोक्यावर राहायचं, हे कुणी विचारलं नाही. आपण माणसं तशीच.

खैरदऱ्याची माणसं वाईट होती असं समजू नका. उलट फार जपणारी होती, आणि तिथंच घोटाळा झाला. पाळकीणबाई एका घरी जेवली तर दुसरं घर रुसेल, मंडळीत फूट पडेल, म्हणून तिला कुणीच जेवायला बोलवायचं नाही, असं जुन्या लोकांनी ठरवून टाकलं. त्याऐवजी नाताळला घराघरातून तिच्याकडं झाकलेलं ताट जायचं. ओसरी ताटांनी भरून जायची. शांतवनराव वाड्यांवर उपासना घ्यायला गेलेले असायचे, आणि एवढ्या ताटांमध्ये बाई एकटी बसलेली असायची. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून संध्याकाळी प्रत्येकात काहीतरी घालून ती ते घरोघरी पोचवायची. लोक दारातच ते हातात घ्यायचे आणि नमस्कार करायचे.

रोज जेवताना ती दोन ताटं वाढायची, असं म्हणतात. एक आपलं, एक समोर. डोळे मिटून आभार मानायची, डोळे उघडून समोरच्या ताटाकडं बघायची आणि मग खाली मान घालून जेवायची. समोरचं ताट नंतर एखाद्या वाटसरूला जायचं.

एकदा गावची सुईण हौसाबाई नेमकी तेव्हाच आली. पाळकीणबाई म्हणाली, "हौसाबाई, बसा की. दोन घास माझ्यासंगं खा."

हौसाबाई दारातच थबकली. "नगं बाई. शेजारच्या धुरपदाला कळलं तर म्हनंल, बाईंचा जीव हौसाच्याच घरावर. तुमी समद्यांच्या."

"सगळ्यांची आहे खरी," पाळकीणबाई म्हणाली, आणि तिनं समोरचं ताट उचलून हौसाबाईच्या हातात दिलं. हौसाबाई खूश होऊन घरी गेली. आपण केवढं शहाणपण केलं, असं तिला वाटलं.

मग एका वर्षी थंडीच्या तोंडावर मानमोडीची साथ आली. ताप असा की माणूस सकाळी कुदळ उचली आणि दुपारी अंथरूण धरी. एके दिवशी शांतवनरावांचं तट्टू रिकाम्या पाठीनं परत आलं. पाळकीणबाई काय समजायचं ते समजली. तिला जवळ घेऊन रडू द्यायला कुणी नव्हतं, कारण अख्खं गाव अंथरुणात होतं. तिनं तट्टाला चारा घातला, कण्यांचं मडकं चुलीवरून उतरवलं आणि ते घेऊन ती बाहेर पडली.

त्या साथीत गावातल्या प्रत्येक घरानं तिला उशाशी बघितलं. डोक्यावर गार हात यायचा, आणि आवाज यायचा, "जेवलास का?" कण्यांची पेज घशाखाली उतरायची. असं म्हणतात, ज्यानं ती प्यायली त्याचा ताप उतरला.

सगळ्यांत आधी हौसाबाई उठली. वाटेत तिला धुरपदा भेटली.

"काल दिवसभर बाई माझ्या उशाशी व्हत्या," हौसाबाई म्हणाली.

"काय तरीच. त्या तर माझ्यापाशी व्हत्या. दिवा लावूस्तवर हलल्या न्हाईत."

दोघी भांडायला लागल्या. आवाज ऐकून लोक एकेक करून दारात आले, आणि जो तो म्हणाला, बाई काल दिवसभर आमच्याच घरी होत्या. मग भांडण तिथंच टाकून सगळे पाळकघराकडं निघाले.

दार उघडंच होतं. पाळकीणबाई चुलीपाशी जमिनीवर पडली होती, अंग तापानं फणफणलेलं. चुलीतली राख कधीची गार झालेली. मडकं कोरडं. शेजारी दोन ताटं मांडलेली, दोन्ही रिकामी. काही म्हणतात, तापात माणसाला भास होतात. म्हणू देत. भास सगळ्या गावाला एकाच बाईचा कसा झाला, ते त्यांनी सांगावं.

हौसाबाई तिच्यापाशी खाली बसली. एवढ्या वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"बाई, जेवलात का?"

पाळकीणबाईनं डोळे उघडले. "नाही अजून," ती म्हणाली.

हौसाबाईनं चूल पेटवली, कण्या रांधल्या, दोन्ही ताटांत वाढल्या आणि ती समोर बसली. पाळकीणबाईनं डोळे मिटून आभार मानले. डोळे उघडले तेव्हा समोर माणूस होतं. ती हसली, दोन घास खाल्ले, आणि दिवे लागायच्या आधीच देवाघरी गेली. देवळामागं, लेकराशेजारी तिला ठेवलं.

आजही थंडीची चाहूल लागली की खैरदऱ्यात एका संध्याकाळी घंटा होते. त्या दिवशी कुणी कुणाकडं झाकलेलं ताट पाठवत नाही. माणसं आपलं ताट हातात घेऊन निघतात, आधी पाळकघरी, मग जो जो एकटा राहतो त्याच्या दारी, आणि विचारतात, "जेवलात का?" पोटभर जेवून बसलेल्यानंही त्या दिवशी "नाही अजून" असंच म्हणायचं असतं. आणि विचारणाऱ्यानं दारातून परत फिरायचं नसतं, आत जाऊन समोर बसायचं असतं.