शेवटच्या पंगतीचे बिल

एका गावात नेमाशेट नावाचा सराफ होता. घरात कशाची कमी नव्हती, पण फुकटचे जेवण म्हटले की गडी सगळ्यांच्या पुढे असायचा.

गावातल्या दूधवाल्या सगुणाबाईंच्या विहिरीला पाणी लागले, म्हणून त्यांनी गावजेवण घातले. नेमाशेट पहिल्या पंगतीला बसला. लाडवांचा फडशा पाडून घरी गेला, थोडा लवंडला आणि शेवटच्या पंगतीला पुन्हा हजर!

त्या भागात रीत अशी, की यजमानाने सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. सगुणाबाईही जेवल्या असत्या, पण त्यांच्या वाटणीचे लाडू नेमाशेटच्या पानात गेले. आचारी रामलिंग परगावचा, निरोपावरून आलेला; यजमान कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. सगळे उठले तरी हा गृहस्थ एकटा निवांत जेवतोय, म्हणजे यजमान हाच, असे त्याने धरले. दुसऱ्या दिवशी त्याने ऐंशी रुपयांचे बिल थेट नेमाशेटच्या पेढीवर धाडले.

नेमाशेटने बिल पुन्हा पुन्हा वाचले. बिल त्याचे नव्हते, हे अगदी खरे. पण तसे सांगायचे तर दोनदा जेवल्याचेही सांगावे लागणार. मग गावात काय तोंड दाखवायचे? तो तरातरा चावडीवर गेला. पाटलांनी रामलिंगला आणि सगुणाबाईंना बोलावून घेतले. बघ्यांना बोलावावे लागले नाही.

"मी शेवटच्या पंगतीत नव्हतोच!" नेमाशेट कडाडला. "पहिल्या पंगतीत दोन घास खाल्ले आणि घर गाठलं."

शेवटच्या पंगतीत सगुणाबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने वाढले होते. त्या म्हणाल्या, "शेट, नीट आठवा. दोनदा जेवलात तर मला आनंदच आहे."

"नव्हतो म्हणजे नव्हतो!"

रामलिंगने हात जोडले. "चुकलो, शेट. बिल बाईंचं. मग ही अंगठीही तुमची नव्हे. त्या शेवटच्या पत्रावळीखाली सापडली. यजमानांची समजून आणली होती."

नेमाशेटने आपले बोट चाचपले. रिकामे! बोटे तुपाने बुळबुळीत झाली, म्हणून त्याने अंगठी काढून ठेवली होती आणि लाडवांच्या नादात तिथेच विसरला होता.

"शेट, तुमची तर नाही ना?" सगुणाबाईंनी हळूच विचारले.

सारे गाव टक लावून बघत होते. नेमाशेटने रिकामे बोट मुठीत लपवले. "माझी कशी असेल?" तो कसाबसा म्हणाला. ही गोष्ट सांगताना मला तर बाई त्याची कीवच येते.

"मग जिच्या घरची पंगत, तिची अंगठी," पाटील म्हणाले. "बाई, ही विकून बिल भागवा. शेट, तुम्हीच घ्या विकत. काय द्याल?"

"चाळीस."

"एवढेच? मग परगावच्या सराफाला दाखवू."

"नको, नको! शंभर! शंभर देतो!"

नेमाशेटने कनवटीचे शंभर रुपये मोजले. ऐंशी रामलिंगला, वीस सगुणाबाईंना. मग स्वतःचीच अंगठी विकत घेऊन तो खाली मान घालून घरी गेला.

तात्पर्य: चुकून आलेले बिल खरे सांगून परत करावे; खोटे सांगून परत केले, तर स्वतःच्या वस्तूलाही 'माझी' म्हणायची चोरी होते.