पाठीवर झेललेली पटाशी

उदकनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा वेळसुरे गावी, खाडीकाठच्या उंडणीच्या झाडाखाली असे. शेजारीच गावाची गोदी. उधाणाला होडी आत घ्यायची, तोंडाशी बांध घालायचा, ओहोटीला पाणी सोडून होडीचा कोरडा तळ दुरुस्त करायचा आणि पुढच्या उधाणाला बांध फोडून ती तरंगवायची, अशी तिथली रीत.

महाराजांची भक्त नागूबाई हिचा नवरा दर्यात बुडाला होता. मागे दोन मुली आणि एक होडी. गोदीचा कारभारी हसाजी तांडेल याने सुतार येऊ दिला नाही. तेव्हा तिने स्वतःच फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला, राळ भरली, महाराजांचे नाव घेत तळाला लाल रंग दिला.

उधाणाच्या आदल्या दिवशी हसाजी आला.

"कुंकू पुसलेल्या बाईचा हात तळाला? दर्या कोपेल गो!"

"सुतार तुम्हीच अडवलात, भावजी. मग हात कुणाचा लावू?"

"तुझ्या त्या उघड्या बाबाचा लाव!"

गोदीतले गडी हसले. हसाजीने पटाशी घेऊन रंग खरवडला, सांध्यांतला कापूस उपसला. काय हा माज! बाईची मेहनत चिखलात पडत होती आणि गाव हाताची घडी घालून बघत होते!

आता पाणी शिरताच होडी बुडणार, मुली उपाशी राहणार. नागूबाई तडक उंडणीखाली गेली. डोळ्यांत पाणी नव्हते, संताप होता.

"देव आहे ना, महाराज? मग नुसता बघत कसा बसला?"

घोंगडी पांघरून बसलेले महाराज हळूच म्हणाले, "बघत नाही, बाय. झेलतोय. उद्या बांध फोडू दे."

दुसऱ्या दिवशी बांध फुटला, पाणी धावत आले. होडी डुलली, उचलली, तरंगली! आत थेंब नाही. हसाजीने पाण्यात उतरून तळ चाचपला. सांधे भरलेले, रंग तुकतुकीत!

तो तणतणत उंडणीखाली आला. "काय करणी केलीस, रे बाबा?" म्हणत त्याने घोंगडी ओढली. महाराजांच्या पाठीवर पटाशीच्या पात्याएवढे रुंद ओरखडे होते. जिथे कापूस उपसला होता, तिथे खोल जखमा!

हसाजी पायांवर कोसळला.

"माझे पाय कशाला धरतोस?" महाराज म्हणाले. "जिचं काम मोडलंस, ती तिथे आहे."

मागोमाग आलेली नागूबाई जखमांसाठी हळद उगाळत होती. हसाजीने तिच्यापुढे कपाळ मातीला टेकवले. "बाय, माझ्या होडीलाही तुझा हात लाव."

"लावीन," ती मान वर न करता म्हणाली. "आधी महाराजांची पाठ."