साळूची शाल

साळूबाई साळिंदरीण सांगून सांगून दमली, पण तिच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. जनावरं विणकाम करायची, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या धाकट्याचे काटे अजून मऊच होते आणि थंडी तोंडावर आली होती. पोरं झोपली की साळू आपल्याच काट्यांच्या सुया करून त्याच्यासाठी शाल विणायची. पण कंदमुळं उकरून परत येईतो सगळं उसवलेलं असायचं.

“तीन पोरांच्या रगाड्यात तू विणतेस कधी गं? स्वप्नात?” शेजारची सशीण हसायची.

एक दिवस साळू अर्ध्या वाटेतून परतली. बिळात घरधनी आडवा पडून, रडणाऱ्या पोरांच्या हातात शालीचा धागा देत होता. “ओढा रे, हवं तेवढं ओढा. पण मला झोपू द्या.” धाकटा कोपऱ्यात कुडकुडत होता.

साळूच्या ओरडण्यानं सगळं रान गोळा झालं.

“पोरांनीच उसवली ना?” सशीण म्हणाली.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी त्या रानाची रीत. साळूनं धाकट्याला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितलं, “काटेरावानं!”