विजूताईंच्या गाडीची तिसरी पेटी

“तिसरी पेटी बसवू… की नको?” सम्मेदनं विचारलं.

दस्तगीरचाचा चहात बटर बुडवत होते, आणि बटर चहात असताना चाचा कुणालाच उत्तर देत नसत.

मिरजेत रेल्वे फाटकाजवळ चाचांचं गॅरेज. सम्मेद चौगुले तिथं नऊ वर्षं शिकला, मग पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये राहून स्कॅनर घेऊन परतला. गाडीला स्कॅनर लावला की पडद्यावर दोष उमटतो. तो वाचून दाखवताना सम्मेदचा चेहरा निकाल सांगणाऱ्या हेडमास्तरांसारखा व्हायचा. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. पंचाईत एवढीच, की ते त्यालाही माहीत होतं.

समोर विजूताई कोळींची व्हॅन उभी होती. ताई लहानपणापासून डाव्या पायानं अधू. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गिअरची गाडी. आरग-बेडगकडचे सहा पेशंट त्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला आणायच्या आणि परत घरोघर सोडायच्या. उद्या सकाळी सहाला पहिला पेशंट दारात येऊन उभा राहणार होता. एक पाळी चुकली तरी त्या माणसांचे पाय सुजतात, रात्रभर दम लागतो.

आणि व्हॅन तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली होती.

गिअर कधी बदलायचा, हे ठरवणारी एक पेटी अशा गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती सम्मेदनं एकदा बदलली होती. पहिली गेली माघात. तिच्या जागी घातलेली चैत्रात गेली. आता तिसरी त्याच्या हातात होती, आणि अशी चौथी मिळायला पंधरा दिवस लागणार होते.

चाचांनी कप खाली ठेवला.

“पेटीच खराब आहे, चाचा. स्कॅनरला उत्तर देत नाही. करंट पोचतोय, अर्थिंग चांगलं आहे, वायर कुठं तुटलेली नाही. सगळं मोजलंय मी.”

“बरोबर आहे.”

सम्मेद सावध झाला. चाचा इतक्या लवकर कुणाला बरोबर म्हणत नसत.

“पेटीच्या प्लगच्या पिना कशा होत्या?”

“हिरव्या पडल्या होत्या. साफ केल्या.”

“दोन्ही वेळंला?”

“दोन्ही वेळंला.”

“कशानं पडल्या?”

“दमट हवा.”

“चैत्रात,” चाचा म्हणाले. “मिरजेत.”

…

कडुलिंबाखाली बाकावर विजूताई बसल्या होत्या. त्यांनी पदरानं घाम पुसला.

विजूला काय विचारलंस, असं चाचांनी विचारलं. सम्मेद आवाज खाली आणून म्हणाला की त्यांना काय विचारायचं, गिअरबॉक्समधलं त्यांना काय कळणार. पेटी बदलल्यावर ट्रायल त्यानं स्वतः दहा किलोमीटर घेतली होती, गिअर लोण्यासारखे पडत होते.

चाचा उठले आणि व्हॅनच्या दाराशी गेले.

“बूट काढ.”

हा चाचांचा जुना नियम. दुसऱ्याच्या गाडीत चपला घालून चढायचं नाही. गाडी म्हणजे त्या माणसाचं घर, असं ते मानत. सम्मेद नऊ वर्षं चपला बाहेर काढून चढला होता. पुण्याहून आल्यापासून त्याच्या पायांत जाड बूट आणि हातांत ग्लोव्ह्ज असायचे, आणि नियमाचा विषय निघाला की तो नुसता हसायचा.

“चाचा, दोष बुटात नाही.”

“काढ.”

काढले.

“मोजे पण.”

सम्मेद अनवाणी व्हॅनमध्ये चढला. ड्रायव्हरच्या सीटपाशी त्यानं पाऊल टेकलं… आणि तो तसाच उभा राहिला.

बाहेर पत्रा हात लावू देत नव्हता. तळपायाला मात्र गार लागलं.

त्यानं रबरी मॅट उचलली. खालचं जाड अस्तर पाण्यानं फुगलं होतं. पेटीच्या वायरी त्याच अस्तरावरून सीटखाली गेल्या होत्या. पाणी वायर धरून पेटीपर्यंत चढत होतं, आणि दोन पेट्या गेल्या तरी तिथं कुणाचा उघडा पाय पडला नव्हता.

सम्मेदचे कान लाल झाले. “ताई,” तो म्हणाला, “गाडीत पाणी कुठनं येतंय?”

“येतंय कुठनं? मीच ओतते की.”

मग त्यांनी सांगितलं. किष्टाप्पा म्हणून एक म्हातारे पेशंट आहेत. डायलिसिस झालं की परतीच्या वाटेवर त्यांना उलटी होते. होतेच. म्हातारा मग हात जोडून सगळ्यांची माफी मागत बसतो. पुढच्या खेपेला कुणी नाक दाबू नये, त्यांच्या शेजारची जागा सोडून कुणी बसू नये, म्हणून विजूताई घरी पोचल्या की फिनेल टाकून बादलीनं सगळी गाडी धुतात. पाय दुखत असला तरी धुतात.

“मग माझ्यामुळंच गेल्या व्हय रे पेट्या?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा लहान झाला की सम्मेदला कसंतरी झालं.

“तसं नाही, ताई. पण आता पाणी बंद करा. ओल्या फडक्यानं नुसतं पुसून घ्या.”

विजूताईंनी खाली बघत मान हलवली.

“तिला काय सांगतोस?” चाचा म्हणाले. “पेटीला सांग.”

…

कंपनीनं पेटीची जागा सीटखालीच दिलीय, हे सम्मेदच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं, आणि ग्लोव्ह्ज काढून बाजूला ठेवले.

दुपार त्याच कामात गेली. अस्तर काढून उन्हात टाकलं. वायरी दीड हात वाढवल्या, प्रत्येक जोड कथिलाचा डाग देऊन पक्का केला. नवी पेटी सीटखाली न घालता डॅशबोर्डच्या आत उंचावर बसवली. प्लगचं तोंड खाली केलं आणि वायरीला झोळ दिला, म्हणजे चुकून पाणी आलंच तर झोळातून गळून जाईल. मग स्कॅनर लावून पेटीला गाडीची ओळख करून दिली. पेटीनं उत्तर दिलं.

सम्मेद चावी घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी आला. तिथं चाचा उभे होते, हातात काठोकाठ भरलेली बादली.

“ओत.”

“चाचा… नवी पेटी आहे. उद्या सहा वाजता…”

“विजूची गाडी आहे. ओत.”

सम्मेदनं एकदा वर पेटीकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी बादली उपडी केली. पाणी सीटखालून धावत मागच्या दारातून बाहेर पडलं. दाराशी परतलेल्या पाण्यानं सम्मेदची अनवाणी पावलं घोट्यापर्यंत भिजली.

चावी त्यानं स्वतःहून विजूताईंना दिली आणि तो शेजारी बसला.

पहिला, दुसरा, तिसरा. चौथा गिअर बेडगच्या रस्त्याला पडला तेव्हा विजूताई मोठ्यानं हसल्या. ओल्या गाडीनं त्या आठ किलोमीटर जाऊन आल्या. गिअर एकदाही अडकला नाही.

सम्मेद उतरला तो छाती काढूनच. आनंद लपवणं त्याला कधीच जमलं नव्हतं, आणि आज लपवायचं कारणही नव्हतं.

“चाचा, आता तरी म्हणा. झाली ना गाडी नीट?”

चाचांनी व्हॅनच्या मागच्या सीटवर हात ठेवला, दाबून बघितला. गाडी मागनं हेलकावली.

“उद्या परतीच्या वाटेवर किष्टाप्पाच्या शेजारी बस… मग गाडी नीट झाली का, ते तू मला सांग.”