न कळवता आलेला ताप

"तीन दिवस आधी कळवल्याशिवाय कुणाही चाकराने आजारी पडायचं नाही! पडला, तर चाकरी गेली!"

कनकापूरच्या धुंडिराज महाराजांनी असा हुकूम काढला, त्याला कारण झाला न्हावी. महाराजांची अर्धी दाढी करून झाली आणि त्याला हुडहुडी भरली. वस्तरा थरथरायला लागला तसा तो घाबरून घरी पळाला. त्या दिवशी महाराज अर्ध्या दाढीनिशी दरबारात बसले, आणि शेजारच्या राज्याचा वकील उपरण्यात तोंड लपवून पोटभर हसला.

दिवाण त्र्यंबकपंतांनी हुकमाला शेपूट जोडलं. रोज सकाळी सगळ्या चाकरांनी पटांगणात बारा सूर्यनमस्कार घालायचे आणि ओरडायचं, "मी ठणठणीत आहे!"

आठवड्याभरातच हत्तीखान्याचे माहूत गणोजी नवव्या नमस्काराला जे आडवे झाले ते उठेचनात. अंग तव्यासारखं तापलेलं. तरी पडल्या पडल्या पुटपुटत होते, "मी ठण... ठण..." पंतांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव खोडलं. बावीस वर्षांची चाकरी गेली!

गणोजींची लेक ठमा तडक दरबारात आली.

"महाराज, माझ्या आबांचा गुन्हा काय?"

"न कळवता आजारी पडला!"

"ताप तरी कुठे कळवून आला? न सांगता घुसला तो ताप, आणि शिक्षा आबांना?"

दरबार खुदखुदला. महाराज लालबुंद झाले. "फार बोलतेस! मग त्या तापालाच आण माझ्यापुढे. मी त्याला हुकूम वाचून दाखवतो! तीन दिवसांत नाही आणलास, तर बापासकट राज्याबाहेर!"

"ताप नाही सापडला, तर दुसरं एखादं दुखणं चालेल?"

"कुठलंही चालेल! आलं पाहिजे!"

घरी गणोजींनी कपाळावर हात मारला. "अगं, दुखणं म्हणजे काय गाय आहे, दावं लावून आणायला?"

"ते राहू दे, आबा. राजवाड्यात सध्या कुणाला काय होतंय?"

"मुदपाकखान्यात सगळ्यांचे डोळे आलेत. चाकरी जाईल म्हणून कुणी बोलत नाही. चाचपडत पोळ्या लाटतात बिचारे!"

ठमा खुदकन हसली आणि कुणाचीही चाकरी जाणार नाही असा शब्द देऊन आचाऱ्यांना तयार करून आली.

तिसऱ्या दिवशी दरबाराच्या दारात अकरा आचारी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सगळ्यांचे डोळे जास्वंदीसारखे लाल. पुढे ठमा.

"महाराज, डोळे आले!"

"कुणाचे डोळे?"

"आपल्या आचाऱ्यांचे! आलं पाहिजे म्हणालात, आले. आता हुकूम वाचून दाखवा. चांगले डोळ्यांत डोळे घालून!"

पंतांनी खांबाआड उडी मारली. सेनापतींनी पागोटं नाकापर्यंत ओढलं. महाराज पाय वर घेऊन सिंहासनावर उकिडवे बसले आणि डोळे गच्च मिटून ओरडले, "बाहेर! बाहेर काढा यांना!"

"कुठे पाठवू, महाराज?" ठमाने विचारलं.

"आपापल्या घरी!"

"किती दिवस?"

"बरे होईपर्यंत! एक दिवस जरी आधी आले तर याद राखा!"

"पण यांनी तीन दिवस आधी कळवलं नव्हतं..."

"खड्ड्यात गेलं ते कळवणं! रद्द! हुकूम रद्द!"

"मग आबांचं नाव परत लिहायचं ना?"

"लिहा! आधी यांना हलवा!"

"आणि सगळ्यांचा पगार?"

खांबाआडून पंत किंचाळले, "घरी लोळायचा पगार? काम काय केलं यांनी?"

"महाराजांनी सांगितलं तेच! घरी बसा, असा हुकूम झाला. हुकूम पाळायचा म्हणजेच चाकरी ना, पंत? पगार देत नसाल तर यांना घरी बसणं परवडायचं नाही. हे आत्ता लगेच कामावर जातील आणि दुपारी महाराजांच्या पोळ्या लाटतील!"

महाराजांनी एक डोळा किलकिला केला. ते लाल डोळे, त्या हातांच्या पोळ्या... आधी अंगावर काटा आला, मग असं हसू फुटलं की मुकुट कानावर कलला!

"द्या, पंत, द्या! पूर्ण पगार द्या! या पोरीपुढे आपली डाळ शिजायची नाही!"

हसत हसतच त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि एक पाऊलही पुढे न टाकता, लांबूनच ठमाच्या ओंजळीत फेकला.