खुल्या बिळवाल्यांचा मेळावा

एका जंगलात एक राजा होता. राजा आहे म्हटल्यावर जंगलातली बिळंही त्याचीच होती; प्रजेला त्यात नुसतं राहायला मिळायचं. प्रत्येक बिळाला राजवाड्याचं दगडी दार होतं, आणि राजवाड्याच्या मनात आलं की ते आपोआप बंद व्हायचं. मग दारावर अक्षरं उमटायची: 'सुधारणा चालू आहे. कृपया बीळ सोडून जाऊ नये.' सुधारणा कसली, ते कुणाला कळायचं नाही. ती पार पडली की बीळ आधीपेक्षा थोडं लहान झालेलं असायचं. तक्रारीची सोय होती. तक्रारपेटी दाराच्या आतल्या बाजूला होती.

एके दिवशी भागू सायाळ पहाटे कंद आणायला गेली आणि परत येते तो दार बंद. दोन पिल्लं आत. तिनं दारावर धडका मारल्या, काटे मोडून घेतले. आतून धाकटं म्हणालं, "आई, भूक लागलीय." दारावर अक्षरं उमटली की पंधरा टक्के सुधारणा झाली आहे.

तेवढ्यात तिला आठवलं, आज जांभळीखाली खुल्या बिळवाल्यांचा दिवसभराचा मेळावा आहे. ही मंडळी राजाची बिळं वापरत नसत. स्वतः खोदत, खोदायची रीत येईल त्याला फुकट शिकवत, आणि शिकलेल्यानं त्यात काही बदल केला तर त्याला कौतुकानं मध चाटवत. आमंत्रणातच म्हटलं होतं, 'अडलेलं बीळ घेऊन या.' बीळ घेऊन जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती तशीच धावत सुटली.

अध्यक्ष होते दामूअण्णा उंदीर.

"अण्णा, माझं दार अडकलंय. पिल्लं आत आहेत," भागू धापा टाकत म्हणाली.

"अगदी योग्य ठिकाणी आलात, ताई. पण मुळात राजाचं बीळ घेतलंतच कशाला?"

"लग्नात मिळालं."

मंडळी हळहळली. मग मुंगूसरावांनी सांगितलं की उपाय सोपा आहे, मागच्या बाजूनं उकरायचं.

"गोल उकरायचं," अण्णा म्हणाले.

"लांबट," मुंगूसराव म्हणाले.

एरवी मुंगूस उंदराला खातं. इथे तत्त्वाचा प्रश्न होता, त्यामुळे दोघं नुसते बोलत राहिले. जेवणाच्या वेळेपर्यंत 'गोल बीळ मंडळ' आणि 'लांबट बीळ मंडळ' असे दोन तट पडले होते, आणि जेवणानंतर लांबट मंडळातून 'मूळ लांबट बीळ मंडळ' फुटून निघालं. भागूला तिघांनीही आपापलं सभासद करून घेतलं. उकरायला कुणीच उठलं नाही. भागूला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त येत होता.

इतक्यात प्रमुख पाहुणे आले. राज्याचे बीळमंत्री हत्ती होते. हत्तीला बीळमंत्री का केलं, असं विचारायची त्या राज्यात पद्धत नव्हती.

"बंधू-भगिनींनो," मंत्री म्हणाले, "मी स्वतः बिळातून वर आलेलो आहे."

एकदोघांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं, पण टाळ्या वाजवायला तेही विसरले नाहीत.

"तुमची रीत महाराजांना फार आवडली. आजपासून ती राजवाड्याची रीत झाली. जंगलातलं प्रत्येक बीळ आता खुलं! कष्ट तुमचे, नाव फक्त महाराजांचं."

भागू उठून उभी राहिली. "साहेब, माझं दार बंद आहे."

"बीळ खुलं झालं ना, ताई?"

"दार बंद आहे. पिल्लं आत आहेत."

"दार हे वेगळं खातं."

"ते कुणाकडे आहे?"

"माझ्याकडेच आहे. पण आज मी बीळमंत्री म्हणून आलोय."

भागू तिथून निघाली ती थेट आपल्या बिळामागे जाऊन उकरायला लागली, ना गोल ना लांबट, पंजा जाईल तसं. पाठोपाठ तिन्ही मंडळं आली आणि उकरण्यातल्या चुका दाखवू लागली. पुढच्या दारावर आता 'चौदा टक्के' दिसत होतं. दिवस मावळता मावळता भोक पडलं आणि आधी धाकटं, मग थोरलं, मातीनं माखून बाहेर आलं. भागूनं दोघांना पोटाशी धरलं. ते टोचलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. दामूअण्णांचे डोळे पाणावले, मुंगूसरावांचेही. भोक गोलच आहे, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

मंत्रीही मागून आलेच. त्यांनी भोकासमोर नारळ फोडला, 'राज्यातलं पहिलं खुलं बीळ' म्हणून ते प्रजेला अर्पण केलं, आणि सुरक्षेसाठी लगोलग त्याला दगडी दार बसवून घेतलं. दारावर सोनेरी अक्षरं होती: 'हे बीळ सर्वांसाठी खुले आहे.' मग दार लागलं आणि सुधारणा सुरू झाली.

भागूनं पिल्लांना पुढे घातलं आणि ती ओढ्यापलीकडे निघून गेली, जिथे कुणाचंच दार नव्हतं. तिच्यामागून खारी गेल्या, ससे गेले, शेवटी तिन्ही मंडळंही गेली, तीन वेगवेगळ्या वाटांनी.

वर्षअखेर मंत्र्यांनी जंगलातल्या सगळ्या तक्रारपेट्या समारंभानं उघडल्या. एकीतही तक्रार निघाली नाही. प्रजा पूर्ण समाधानी असल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि मंत्रिपदाची त्या खेपेची निवडणूक बिनविरोध झाली.